अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर फिटिंग बसवताना: रिव्हेट, स्क्रू की आरपार बोल्ट?

प्रश्न थोडक्यात असा: तीसेक फुटी यॉट, अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी. तिच्यावर हॅलियार्डचा, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीचा, विंच, दोरी बांधायचे दोन क्लीट, वर चढायच्या पायऱ्या आणि स्पिनेकर (पुढचं फुगीर शीड) पोलचा ट्रॅक बसवायचा आहे. टॅप मारून, म्हणजे भिंतीतच आटे पाडून, स्टेनलेसचे स्क्रू लावावेत की पॉप रिव्हेट मारावेत? आणि स्टेनलेस अ‍ॅल्युमिनियमला खातं म्हणतात, त्याचं काय करायचं?

ढोबळ वाटणी आधी सांगतो. ट्रॅक आणि पायऱ्यांना मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट. क्लीटला टॅप मारून ३१६ स्टेनलेसचे मशीन स्क्रू. विंचला आधी जाड पॅड, मग त्या पॅडमध्ये स्क्रू. आधाराच्या वायरी काठीपासून लांब धरणाऱ्या आडकाठ्या (स्प्रेडर) आणि त्या वायरी अडकवायचे टँग यांच्यासारख्या जिवावरच्या जोडांना आरपार बोल्ट, आत स्पेसर ट्यूब घालून. पत्र्याचे सेल्फ टॅपिंग स्क्रू कशालाच नाहीत. एवढ्यावर काम भागेलही, पण तुमच्या काठीची भिंत किती जाड आहे हे मोजल्याशिवाय यातलं काहीही विकत घेऊ नका, कारण बाकीचा सगळा निर्णय त्या एका मापावर उभा आहे.

भिंत आधी मोजा

हॅलियार्ड बाहेर येण्याची खाच, जुनं भोक किंवा काठीचं खालचं टोक, जिथे कड उघडी असेल तिथे व्हर्निअर लावा. लहान डिंगीच्या काठीची भिंत दीड-दोन मिलिमीटरचीही असते, तीस फुटी बोटीच्या काठीला बहुधा ३ ते ४ मिमी मिळते. काही सेक्शनमध्ये पुढची-मागची बाजू आणि कुशी यांची जाडी वेगळी असते, म्हणून जिथे भोक पाडायचं तिथलंच माप हवं.

आता हिशेब. एम६ स्क्रू ३ मिमी भिंतीतून गेला तर भिंतीचा जो भाग त्याला टेकतो तो ६ गुणिले ३, म्हणजे १८ चौरस मिमी. काठीच्या मिश्रधातूची, म्हणजे ६०६३-टी६ किंवा ६०६१-टी६ची, सहनशक्ती सावधपणे दर चौरस मिमीला २०० न्यूटन धरा. साडेतीनशे किलोच्या पुढे भोक लांबट व्हायला लागेल असं समजून चालायचं. तोच ए४-७० (३१६ स्टेनलेसचा एक ताकदीचा दर्जा) एम६ स्क्रू कातरून तुटायला मात्र आठशे किलोच्या वर भार लागतो. म्हणजे कमजोर दुवा भिंत आहे, स्क्रू नव्हे. दुकानात जाऊन आणखी जाड, आणखी कडक स्क्रू आणल्याने काही साधत नाही. भार जास्त भोकांवर वाटायचा किंवा त्या जागी भिंत जाड करायची, हेच दोन उपाय.

आट्यांचंही तसंच. पातळ भिंतीत निदान तीन पूर्ण आटे पकडीत आले पाहिजेत. ३ मिमी भिंतीत एम५ला, ज्याची पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिमी आहे, पावणेचार आटे मिळतात. एम६ला जेमतेम तीन. एम८ची पिच १.२५, त्यामुळे अडीचसुद्धा नाहीत. इंची मापात पाव इंच-२० आट्यांचा स्क्रू घेतलात तर सव्वादोनच्या थोडं वर, आणि क्रमांक १०चा ३२ आट्यांचा घेतलात तर पावणेचार. बर (कडेला उरलेली धातूची धार) काढताना भोकाच्या कडेवरून ड्रिल फिरवलं की त्यातला जवळपास अर्धा आटा गेलाच म्हणून समजा. म्हणून पातळ भिंतीत जाड स्क्रू घातला की पकड वाढते, हा समज सोडून द्यायचा. बारीक पिचचा, थोडा लहान स्क्रू आणि एखादं भोक जास्त, हे बहुतेक वेळा बरं. भिंत अडीच मिमीपेक्षा पातळ असेल तर आटे पाडण्याचा विचारच सोडा. रिव्हेट मारा किंवा आतून पट्टी द्या.

भार कुठल्या दिशेने येतो

फिटिंगवरचा भार भिंतीला समांतर असेल तर तो कातरणारा, बाहेरच्या दिशेने असेल तर उपटणारा. रिव्हेट आणि पातळ भिंतीतले आटे कातरणारा भार चांगला झेलतात, उपटणारा नाही. गंमत अशी की वरवर शुद्ध कातरणारा वाटणारा भारही थोडासा उपटतोच.

शिंगवाला क्लीट घ्या. दोरी त्याला वरच्या दिशेने ३०० किलोने ओढते आहे आणि दोरीची रेषा भिंतीपासून ४० मिमी बाहेर आहे. क्लीटच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ६० मिमी. क्लीट वरच्या टोकावर टेकून खालचं टोक उचलू पाहतो. ३०० गुणिले ४० भागिले ६०, म्हणजे खालच्या स्क्रूवर २०० किलोचा उपटणारा भार. वरच्या स्क्रूचं फारसं काही बिघडत नाही, नेहमी खालचाच सैल होतो, तो यामुळे. लांब बैठकीचा क्लीट घेतला आणि स्क्रूंमधलं अंतर १०० मिमी झालं की तोच भार १२० किलोवर येतो. स्क्रू बदलण्यापेक्षा क्लीट बदलणं इथे स्वस्तात पडतं.

पायरीचंही असंच. १०० किलोचा माणूस पायरीच्या बाहेरच्या टोकावर, भिंतीपासून १०० मिमीवर पाय ठेवतो आणि वरच्या-खालच्या रिव्हेटमध्ये ६० मिमी अंतर आहे. वरच्या रिव्हेटांवर दीडशे किलोच्या वर ओढ येते. त्यात माणूस स्थिर उभा नसतो, बोट डोलत असते. पायरीला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट का नकोत हे यावरून कळावं.

काठीच्या पायथ्याशी ब्लॉक लावणार असाल तर तिथला भार दोरीतल्या ओढीपेक्षा जास्त असतो. दोरी ९० अंशात वळली तर जवळपास १.४ पट, पूर्ण उलटी फिरली तर दुप्पट. ४०० किलोच्या हॅलियार्डला ८०० किलोचा जोड.

रिव्हेट

रिव्हेटचा मोठा गुण म्हणजे त्याला भिंतीत आटे लागत नाहीत. मागच्या बाजूला फुगा येतो, तो भिंतीवर पसरून बसतो. हादऱ्यांनी रिव्हेट फिरून सुटत नाही. दोष हा की काढायचा तर ड्रिलच मारावं लागतं.

धातू तीन. अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट मऊ, आणि त्याचा डोलकाठीशी धातूंचा तंटा नाही. आतल्या वायरची नळी, झेंड्याच्या दोरीला वाट देणारा छोटा फेअरलीड, नावाची पाटी इतपत त्याला द्यावं. स्टेनलेसचा सर्वांत बलवान, पण ओढायला कठीण. फुगा नीट न पसरताच मँड्रेल (रिव्हेट ओढणारी मधली काडी) तुटण्याचा धोका, विशेषतः हाताच्या हलक्या पकडीने ओढला तर. मोनेल या दोघांच्या मधला: दोन भाग निकेल, एक भाग तांबं अशी ढोबळ रचना, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी बलवान आणि स्टेनलेसपेक्षा मऊ, त्यामुळे भोक चांगलं भरतो. डोलकाठीवर भार घेणाऱ्या कामाला तो सोयीचा आहे तो यासाठी. मोनेल लावलं की गंज नाही, असं मात्र अजिबात नाही. समुद्राच्या पाण्यात मोनेल आणि ३१६ स्टेनलेस दोघंही अ‍ॅल्युमिनियमपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून मोनेललाही लेप लागतोच.

मँड्रेल कशाचा आहे ते पाकिटावर पाहा. पुष्कळ मोनेल रिव्हेटांचा मँड्रेल साध्या स्टीलचा असतो. त्याचा तुकडा रिव्हेटच्या पोटात उरला की पावसाळ्याभरात तांबडे ओघळ दिसू लागतात. स्टेनलेस मँड्रेलचे मिळाले तर तेच घ्या. नाहीतर तुटलेल्या टोकावर सीलंटचा थेंब द्या.

माप ४.८ मिमी असेल तर ड्रिल ४.९. रिव्हेट ६.४ असेल तर ड्रिल ६.५. भोक अर्धा मिमीने मोठं झालं की रिव्हेट त्यात हलतो, आणि हलणारा रिव्हेट भोक आणखी मोठं करतो. लांबी निवडताना तीन जाड्यांची बेरीज करा: भिंत ३, मधला इन्सुलेशनचा थर ०.५, फिटिंगचं पान २.५, एकूण ६ मिमी. पाकिटावर जी पकड छापलेली असते तिच्या मध्याच्या आसपास ही बेरीज यावी. आखूड रिव्हेटला मागे फुगाच येत नाही. फार लांब असेल तर फुगा भिंतीपासून लांब तयार होतो आणि फिटिंग आवळलं न जाताच मँड्रेल तुटतो. बाहेरून दोन्ही सारखेच छान दिसतात, हीच अडचण. शंका असेल तर त्याच जाडीच्या दोन पट्ट्यांवर एक रिव्हेट मारून मागून पाहावं.

६.४ मिमीचा मोनेल किंवा स्टेनलेस रिव्हेट घरगुती गनने निघत नाही. लांब दांड्याची, कात्रीसारखी उघडमीट करणारी किंवा हवेवर चालणारी गन लागते. भाड्याने आणा, पण साध्या गनशी झटापट करू नका. अर्धवट ओढलेला रिव्हेट काढणं हे नवा मारण्यापेक्षा तिप्पट काम आहे.

डिंगीची काठी उलटल्यावर तरंगावी म्हणून बंद केलेली असेल तर साधा पॉप रिव्हेट तिला गळकी करतो. तिथे टोक बंद असलेले रिव्हेट वापरा.

टॅप मारून स्क्रू

जे फिटिंग पुढेमागे काढावं लागेल त्याला स्क्रू. दर्जा ३१६, म्हणजे ए४. ३०४ चालतो, पण खाऱ्या पाण्यात डोक्याखालच्या फटीत लवकर तपकिरी पडतो.

एम५ला ४.२ आणि एम६ला ५.० मिमीचं ड्रिल. आधी सेंटर पंच, मग २.५ ते ३ मिमीचं पायलट भोक, मग अंतिम माप. ड्रिलला टेप गुंडाळून किंवा कॉलर लावून खोलीची मर्यादा घाला, नाहीतर भिंत संपताक्षणी ड्रिल आत धसतं आणि तिथे हॅलियार्ड किंवा दिव्याची वायर वाट पाहत असते. आतली नळी कुठे रिव्हेट केली आहे ते तिच्या रिव्हेटांच्या रांगेवरून बाहेरूनच ओळखता येतं. तिच्यावर भोक पाडायचं नाही.

टॅप काटकोनात धरणं पातळ भिंतीत फार महत्त्वाचं. तीनच आटे आहेत. टॅप पाच अंशांनी कलला तर एका बाजूचे आटे उथळ होतात आणि स्क्रूचं डोकं एकाच कडेवर टेकतं. इंचभर जाडीच्या ठोकळ्यात टॅपच्या दांड्याच्या मापाचं सरळ भोक पाडून तो ठोकळा मार्गदर्शक म्हणून वापरावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि केरोसीन किंवा कटिंग ऑइल सढळ हाताने. कोरडा टॅप अ‍ॅल्युमिनियमला चिकटतो आणि बाहेर येताना आटे खरवडून आणतो.

आटे कापण्याऐवजी दाबून घडवणारा टॅप मिळाला तर पातळ भिंतीत जरूर वापरा. तो धातूचा चुरा काढत नाही, धातू सरकवून आटे उभे करतो आणि ते जास्त मजबूत होतात. त्याला भोक मोठं लागतं, एम५ला ४.६५ आणि एम६ला ५.५५ मिमीच्या आसपास. नेहमीचं भोक पाडून हा टॅप घातलात तर तो तुटेल, आणि तुटलेला टॅप डोलकाठीतून काढणं हे काय प्रकरण असतं ते ज्याने काढलाय त्यालाच विचारा.

लांबी अशी की स्क्रूचं टोक आत एखाद आट्याइतकं बाहेर यावं. त्याहून लांब टोक हॅलियार्डला करवतीसारखं घासतं. आखूड स्क्रू मिळत नसेल तर कापा, पण कापलेल्या टोकावरून कानस फिरवून ते गोल करा. आवळताना अ‍ॅलन कीची आखूड बाजू हातात धरा. लांब बाजूने तीन आट्यांची भिंत सहज ओरबाडली जाते.

काउंटरसंक डोक्याचा स्क्रू फिटिंगच्या भोकाला तसाच उतार असेल तरच घ्या. पातळ पानात काउंटरसंक खोल गेलं की भोकाची कड पात्यासारखी होते आणि फिटिंग डोक्यावरून खेचलं जातं. पानाच्या जाडीच्या दोन तृतीयांशापेक्षा खोल जाऊ नका.

भार जास्त आणि भिंत पातळ असेल तेव्हा आतून पट्टी. ५-६ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आधीच टॅप मारून तयार ठेवायची, जवळच्या खाचेतून दोरीने आत ओढायची, दोन काउंटरसंक रिव्हेटांनी जागेवर धरायची, मग फिटिंगचे स्क्रू तिच्यात. एकदा ती पट्टी आत नीट बसली की एम८सुद्धा निर्धास्त लावता येतो.

रिव्हेट नटबद्दल (भिंतीत रिव्हेटसारखा बसवायच्या आटेदार नटबद्दल) विचारणारे बरेच असतात. एम६च्या रिव्हेट नटला भोक ९ मिमीचं लागतं, म्हणजे सहाच्या स्क्रूसाठी काठीचा दीडपट रुंद तुकडा गेला. वर्षभराने स्क्रू आत जाम झाला की तो नटच भिंतीत गोल फिरतो, ना पुढे ना मागे. हलक्या दिव्याला ठीक, भाराला नको.

विंच, टँग आणि वेल्डिंग

विंचच्या बैठकीला बहुधा पाच-सहा भोकं असतात आणि ती थेट गोल काठीवर बसत नाही. मधे पॅड लागतो, एक बाजू सपाट आणि दुसरी काठीच्या गोलाईला जुळणारी. गोलाई जुळवायची साधी युक्ती: काठीभोवती जिथे विंच येणार तिथेच पॉलिश पेपर पालथा गुंडाळून चिकटवा, खर वरच्या बाजूला, आणि पॅडचा ठोकळा त्यावर काठीच्या लांबीत वर-खाली घासा. पेन्सिलने आधी रेघोट्या मारून ठेवल्या तर कुठे टेकतंय आणि कुठे नाही ते लगेच दिसतं. सगळ्या रेघोट्या पुसल्या गेल्या की बसला. ही मेहनत वाचवायला सपाट तळ गोल भिंतीवर स्क्रूने ओढून बसवला, तर स्क्रूंचा निम्मा जोर भिंत वाकवण्यातच जातो आणि पहिल्या जोरदार ओढीला फिटिंग डोलायला लागतं.

पॅड अ‍ॅल्युमिनियमचा करा, मधे ८-१० मिमी जाड. त्याच्या कडेने मोनेल रिव्हेट किंवा एम६ स्क्रूंनी तो काठीला बांधायचा, मधे पॉलिसल्फाइड सीलंट. मग विंचचे स्क्रू पॅड आणि भिंत दोन्हींत मिळून टॅप करायचे. आता एम६ला तीन नव्हे, दहाच्या वर आटे मिळतात. आटे पुरत नाहीत ही तक्रार तिथेच संपते.

टँगचे बोल्ट आरपार जातात तेव्हा आत स्पेसर ट्यूब हवीच. ती नसेल तर नट आवळताना काठीच्या दोन भिंती आत दबतात, मोकळं वाटतं म्हणून माणूस आणखी आवळतो आणि कुशीला खळगा पडतो. ट्यूबची लांबी काठीच्या आतल्या रुंदीइतकी नेमकी. ती हॅलियार्डच्या वाटेत येत असेल तर तिच्यावर नायलॉनची बाही चढवा. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेसचा नायलॉक नट कोरडा फिरवू नका. आटे आपसात वितळल्यासारखे चिकटतात आणि मग बोल्ट कापावाच लागतो.

फिटिंग वेल्ड करून टाकू का, याचं उत्तर बहुधा नको. टी६ ही उष्णतेने दिलेली कडकी आहे. वेल्डच्या आसपास ती उतरते आणि तिथली ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. कारखान्यात काठी घडवतानाच तो हिशेब धरलेला असेल तर गोष्ट वेगळी.

गंजाचं गणित

खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. झीज किती, हे दोन्हींच्या आकारावर ठरतं. मोठ्या काठीवर एक छोटा स्टेनलेस स्क्रू, ही तुलनेने बरी स्थिती, कारण झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते. याउलट मोठं स्टेनलेस फिटिंग छोट्या अ‍ॅल्युमिनियम रिव्हेटांनी धरलं की सगळी झीज त्या चार डोक्यांवर एकवटते आणि एखाद-दोन हंगामांत डोकी उडतात. स्टेनलेसच्या पायरीला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट नकोत याचं हे दुसरं कारण.

पण बरी स्थिती म्हणजे निश्चिंती नव्हे. स्क्रूच्या आट्यांत आणि फिटिंगखाली खारं पाणी अडकून राहतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून रंगाला फोड येतात आणि स्क्रू जाम होतो. पाणी आत जाऊ न देणं हाच उपाय. आट्यांना टेफ-जेल, लॅनोकोट किंवा ड्युरालॅक यांपैकी एखादा गंजरोधक लेप लावा. नुसतं टोकाला नाही, भोकात आणि डोक्याखालीसुद्धा. पारंपरिक ड्युरालॅकमध्ये बेरियम क्रोमेट असतं, ते विषारी आहे, हातमोजे घालूनच लावावं. हादऱ्यांनी सुटणाऱ्या स्क्रूंना मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट चालतं. ते फटीही भरतं. एकाच स्क्रूला जेल आणि लॉकटाइट दोन्ही लावू नका, जेलवर लॉकटाइट धरत नाही.

तांब्याची किंवा ग्रॅफाइटची अँटीसीझ ग्रीस मोटारीला उत्तम, इथे घातक. दोन्ही अ‍ॅल्युमिनियमची झीज वाढवतात. पितळी स्क्रू आणि कांस्याचे वायसर डोलकाठीवर थेट टेकवू नयेत. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंटही टाळा. सुकताना ते अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं.

फिटिंग आणि काठी यांच्यामध्ये अर्धा ते एक मिमीचा प्लास्टिकचा थर ठेवा: पॉलिएथिलीन, अ‍ॅसिटल किंवा जाड पॉलिएस्टर फिल्म. हलक्या कामाला पीव्हीसी टेपही पुरते. नमदा, लाकूड, चामडं नको, ती पाणी धरून ठेवतात. अ‍ॅनोडायझिंगवर विसंबू नका. तो थर मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो आणि ड्रिल मारताक्षणी भोकाच्या आत उघडा धातू आलेला असतो. तिथे लेप जायलाच हवा.

भोकं कुठे पाडायची

काठीभोवती एकाच उंचीवर भोकांची रांग कधीही पाडू नका. टपाल तिकिटांची रांग जिथे फाटते तिथेच काठी मोडते. उभी रांग चालते, कारण कुठल्याही एका आडव्या छेदात एकच भोक येतं. म्हणून स्पिनेकर ट्रॅकचे ७५ किंवा १०० मिमी अंतरावरचे रिव्हेट निर्धोक, आणि समोरासमोर एकाच उंचीवर बसवलेले दोन विंच धोक्याचे. त्यांना किमान हातभर वर-खाली करा.

स्प्रेडरच्या मुळाशी, बूमच्या (शिडाच्या तळच्या आडव्या काठीच्या) गूजनेकजवळ, म्हणजे ती डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्याजवळ, आणि काठी डेकमधून जाते तिथे ताण सर्वाधिक, तिथे नवं भोक शक्यतो नको. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान दोन व्यास, दोन भोकांमध्ये निदान तीन व्यास अंतर राखा. हॅलियार्डची नवी खाच कापायची असेल तर दोन्ही टोकांना आधी ड्रिलने गोल भोकं पाडून मधलं कापा. काटकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते.

जाम झालेला स्क्रू, मोठं झालेलं भोक

आधी भेदक तेल, एक रात्र थांबा, मग हीट गन. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. हात लावता येणार नाही इतकं तापलं तरी पुरे. ब्लो टॉर्च नको, दीडशे अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर टी६ची कडकी उतरायला लागते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर, खोबणीत घट्ट बसणाऱ्या बिटने. खोबणी गेली तर डोकं ड्रिलने उडवा, फिटिंग काढा आणि उरलेला दांडा चिमट्याने धरा.

रिव्हेट काढताना आधी बारीक पंचने मँड्रेलचा तुकडा आत ठोका. तो राहिला तर ड्रिल त्या कठीण तुकड्यावरून घसरून मऊ भिंतीत जातं आणि गोल भोकाचं अंडं होतं. मग रिव्हेटच्याच मापाचं ड्रिल, डोकं सुटेपर्यंतच.

आटे गेले तर एक माप वर जा, एम५चा एम६, भिंत परवडत असेल तर. तारेचे हेलिकॉइल इन्सर्ट जाड ठोकळ्यासाठी असतात, ३ मिमी भिंतीत त्यांना पकडच मिळत नाही. लांबट झालेल्या भोकात रिव्हेट मारू नका. फिटिंग थोडं वर किंवा खाली सरकवून नवी भोकं पाडा, नाहीतर आतून पट्टी द्या.

वर्षातून एकदा काठी खाली उतरते तेव्हा प्रत्येक फिटिंग हाताने हलवून पाहा. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट कडं किंवा खाली ओघळलेली करडी रेघ दिसली तर तो आत हलतो आहे. अ‍ॅल्युमिनियम घासून ती पूड बाहेर येते. असा एक दिसला की त्या फिटिंगचे सगळेच बदला, कारण त्याच्या वाटणीचा भार इतके दिवस शेजाऱ्यांनी उचललेला असतो. स्क्रू वर्षाआड पूर्ण काढून नवा लेप लावून परत घालायचे, नुसते आवळून भागत नाही.

जुन्या फिटिंगची सोडून दिलेली भोकं उघडी ठेवू नका. कडेचा बर काढा, उघड्या धातूवर एच (etch) प्रायमर लावा आणि टोक बंद असलेल्या अ‍ॅल्युमिनियम रिव्हेटने सीलंटसकट बुजवा. भोक १० मिमीच्या वर असेल तर त्यावर गोल कोपऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, चहूबाजूंनी रिव्हेट, आणि तेही एका आडव्या ओळीत न येतील असे.